हाताने दाबायचा ब्रेस्ट पंप: वीस मिनिटं दाबून बाटलीचा तळ जेमतेम ओला

रातकिडी | पहाटे ३:१२
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चूकभूल द्यावी घ्यावी.

लेक सहा आठवड्यांची झाली. अंगावर पिते, वजन वाढतंय, त्या बाबतीत काही तक्रार नाही. आणखी दोन महिन्यांनी कामावर रुजू व्हायचंय. तोवर दूध काढून ठेवायची सवय व्हावी म्हणून हाताने दाबायचा साधा पंप घेतला. इलेक्ट्रिकचा आवाज आणि पसारा नको वाटला.

गेले आठ दिवस रोज प्रयत्न चाललाय. लेकीला पाजून झालं की बसते, वीस-वीस मिनिटं दाबते. आत्ताच उठले. बाटलीवर पहिली खूण ३० मिलीची आहे आणि दूध तिच्या निम्म्यावर. मनगट ठणकतंय. निपलभोवती लाल कडं उमटलंय, टोक जांभळट दिसतंय. आणि दर दाबाला नुसतं फुस्स, फुस्स.

पंप खराब आहे, मला जमत नाहीये की मुळात दूधच कमी आहे? साबा (सासूबाई) म्हणतात "पुरत नसेल गं तिला". ते ऐकल्यापासून डोक्यातून जात नाही. अनुभवी आयांनी प्रकाश टाकावा.

तिरपागडी | सकाळी ७:४०
पहिली गोष्ट, पहाटे तीनला धागा काढलास म्हणजे तू आमच्यातलीच. सुस्वागतम्.
दुसरी गोष्ट, सहा महिने हाताचा पंप वापरल्यावर माझ्या उजव्या हाताने घट्टातल्या घट्ट बरणीचं झाकण उघडतं. नवरा निमूटपणे बरणी आणून समोर ठेवतो. (गंमत हो, हलकेच घ्या)
कामाचं नंतर लिहिते, पोरगं उठलं.

ठोकताळा | सकाळी ८:०५
तो पंप कपाटात टाका आणि दोन्ही बाजूंना एकदम लावायचा इलेक्ट्रिक घ्या. १५ मिनिटांत काम फत्ते. हाताचा पंप प्रवासापुरता ठीक. हे माझं वैयक्तिक मत.

वाचनमात्र२ | सकाळी ८:३१
मी पण याच नावेत. उत्तरांच्या प्रतीक्षेत.

निशिगंध | सकाळी १०:१८
रातकिडी, मी नवजात बाळांच्या विभागात परिचारिका आहे, बारा वर्षं झाली. तुझ्या पोस्टमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, त्या सुट्या करते.

आधी साबांचं वाक्य डोक्यातून काढ. दूध पुरतंय की नाही हे बाटली सांगत नाही, बाळ सांगतं. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा भरपूर लघवी, वजनात रोज साधारण २० ते ३० ग्रॅमची भर, पिऊन झाल्यावर सैल पडलेले हात. हे असेल तर पुरतंय. वजन वाढतंय असं तूच लिहिलंयस.

आता गणित बघ. एक ते सहा महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिली पितं. दहा वेळा पीत असेल तर एका वेळेचे झाले ७५-८०. तू बसतेस कधी? तिचं पिऊन झाल्यावर. जेवणं आटोपल्यावर पातेलं खरवडायचं आणि स्वयंपाक कमी पडला म्हणायचं, त्यातला प्रकार. पाजल्यानंतर १५ मिली निघालं यात काहीच वावगं नाही. पहाटेचं पाजणं झाल्यावर तासाभराने बसून बघ. पहाटे आणि सकाळी बहुतेकींना जास्त निघतं.

लाल कडं मात्र मला आवडलं नाही. तो फनेलच्या, म्हणजे छातीवर टेकवायच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या, मापाचा घोळ वाटतो. बहुतेक पंपांसोबत २४ मिमीच्या आसपासचं एकच फनेल येतं, जणू सगळ्या बायका एका साच्यातून काढल्यात. पंप लावायच्या आधी निपलची बुडाशी रुंदी मिलिमीटरमध्ये मोज. भोवतालचा काळसर भाग धरायचा नाही, फक्त निपल. साधारण तेवढंच किंवा दोन-तीन मिमी मोठं फनेल लागतं. मोठं असलं तर काळसर भाग आत ओढला जातो, नळ्या दाबल्या जातात, दूध कमी येतं आणि कडं उमटतं. लहान असलं तर निपल कडांना घासतं. लहान मापासाठी आत बसवायच्या सिलिकॉनच्या चकत्याही मिळतात, लगेच नवा पंप घ्यायला नको.

आणि हँडल पूर्ण दाबतेस का? जोर लावला की जास्त दूध येतं हा भ्रम आहे. दुखलं की शरीर आखडतं आणि पान्हा अडतो.

रातकिडी | सकाळी १०:४४
पूर्ण दाबते. दात-ओठ खाऊन.
आणि निपल मोजायचं असतं हे आजच कळलं. पट्टी शोधते.

तिरपागडी | सकाळी ११:०२
पट्टी घेऊन बसलेली असताना बेल वाजणार, लिहून ठेव.

आता कामाचं. माझी पद्धत: पहिली दोन मिनिटं हँडल अर्धंच दाबायचं, पटापट, हलकं. बाळ सुरुवातीला कसं भराभर चुटूचुटू ओढतं, तसं. छातीत मुंग्या आल्यासारखं होतं, धार लागते. मग चाल बदलायची: सावकाश दाबायचं, क्षणभर धरायचं, सोडायचं. बाळ घुटके घेतं त्या तालात. धार आटली की पुन्हा सुरुवातीचं पटापट, बरेचदा दुसरा पान्हा फुटतो. इलेक्ट्रिक पंपाला हेच दोन टप्पे बटणावर देतात. हाताच्या पंपात बटण म्हणजे आपणच, आणि मला तेच आवडायचं. धार बघत बघत हात कमीजास्त करता येतो.

दुसरी युक्ती. बाळ एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूला पंप लावायचा. पान्हा दोन्हीकडे एकदमच फुटतो, मग त्याचा फायदा का सोडा? फक्त बाळाच्या लाथेपासून बाटली जपायची. माझी एकदा गेली. ७० मिली, गादीवर. त्या रात्री मी बाळापेक्षा जास्त रडले.

कातरवेळ | दुपारी १२:२०
मुंग्यांचा उल्लेख आला म्हणून लिहिते, कदाचित कुणाला उपयोग होईल. मला मुंग्या यायच्या नाहीत, उदास वाटायचं. पान्हा फुटायच्या अगदी आधी, मिनिटभर, पोटात खड्डा पडल्यासारखं. घराची आठवण यावी तसं, आणि मी तर घरातच बसलेली. धार लागली की सगळं साफ. पंप हातात घेतला तरी व्हायचं. मला वाटलं डोकं फिरलं. मग कळलं की याला नाव आहे, डीमर म्हणतात. दूध उतरताना शरीरातल्या रसायनांची जी उलथापालथ होते त्याचा हा भाग. सारखं उदास राहणं वेगळं, त्याला डॉक्टर गाठायलाच हवेत. हे मिनिटाचं. नाव कळल्यावर निम्मं ओझं उतरलं. चौथ्या महिन्यात आपोआप कमी झालं.

वाचनमात्र२ | दुपारी १२:३३
कातरवेळ, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय दिलंत मला आत्ता. तुम्हाला वेगळा निरोप लिहिते.

ठोकताळा | दुपारी १:१५
तालबिल सगळं ठीक आहे, पण कामाच्या ठिकाणी दुपारच्या सुट्टीत एक हात अडकवून पाऊण तास कोण बसणार? दोन्ही बाजूंना लावायचा इलेक्ट्रिक घेतला की दुसऱ्या हाताने जेवता येतं. जुन्या पद्धतींचं कौतुक पुरे.

निशिगंध | दुपारी २:५०
ठोकताळा, दिवसातून तीन-चार वेळा, महिनोन् महिने काढायचं असेल तर तुमचं बरोबर आहे. बाळ अतिदक्षता विभागात असेल, अंगावर पीतच नसेल, तर मी स्वतःच दुहेरी इलेक्ट्रिक सांगते. पण "हाताचा म्हणजे कमी प्रतीचा" हे खरं नाही. वैद्यकीय संशोधन पडताळून बघणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा दूध काढायच्या पद्धतींवरचा २०१६ चा आढावा आहे. त्यात कुठलीही एक पद्धत सर्वांसाठी सरस ठरलेली नाही. बाळंतपण होऊन किती दिवस झाले, दूध कशासाठी काढायचंय यावर ठरतं. आधी मालिश, शेक, निवांतपणा, हाताने पिळणं, स्वस्तातले पंप हे काही बाबतीत मोठ्या इलेक्ट्रिक पंपाच्या तोडीस तोड निघाले.

आणि पहिले दोन-तीन दिवस तर कुठलाच पंप नको असं माझं मत. चीक असतो थेंब-थेंब आणि चिकट, तो फनेलला आणि झडपेलाच लागून राहतो. हाताने पिळून चमच्यात घ्यायचा. पंपाला काही आलं नाही की आई तिथेच खचते, मी रोज बघते.

पिकलंपान | दुपारी ४:०५
बायांनो, तुमचे हे चकत्या-फनेल वाचून मजा वाटते. माझा थोरला १९८१ चा. तेव्हा मला मिळाला होता तो पंप म्हणजे पुढे काचेचा पेला आणि मागे मोटारीच्या भोंग्यासारखा रबरी फुगा. फुगा दाबायचा, पेला लावायचा, फुगा सोडायचा. मग जे काही ओढायचा की डोळ्यांपुढे काजवे! जोर कमी करायची सोयच नाही. वर दूध त्या फुग्यात शिरायचं, आणि फुगा आतून धुणार कसा? उकळून काढला तरी आंबूस वास यायचा. तिसऱ्या दिवशी मी तो पोरांना खेळायला दिला.

मग शेजारच्या काकूंनी हाताने काढायला शिकवलं. अंगठा वर, दोन बोटं खाली, काळ्या वर्तुळाच्या जरा मागे. आधी छातीकडे मागे दाबायचं, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत, निपल ओढायचं नाही. मग बोटांची जागा फिरवायची. पहिली पाच मिनिटं थेंब. नंतर अशी धार लागली की समोर बसलेल्या काकूंच्या चष्म्यावर गेली. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आलं गं तुला."

तिरपागडी | दुपारी ४:११
पिकलंपान आज्जी, हसून हसून पुरेवाट! काकूंना साष्टांग.

सावळागोंधळ | दुपारी ४:४०
भोंगावाला पंप नक्की कुणा पुरुषाने शोधला असणार.

ठोकताळा | सायंकाळी ५:०२
पेटंटवाल्यांपैकी एक अमेरिकेतला ओ. एच. नीडहॅम, १८५४. मग आधुनिक इलेक्ट्रिक पंप रुळवला तो स्वीडनचा अभियंता आयनार एग्नेल, १९५६ चं यंत्र. न दुखेल इतकाच दाब किती हे त्याने ठरवलं. म्हणजे एक तरी भला माणूस निघाला.

खटपट्या | सायंकाळी ६:२५
पुरुषांचा विषय निघालाच आहे तर दबकत प्रवेश करतो. आमच्याकडे पंपाचे भाग धुणं-उकळणं हे खातं माझं. बायको काढते, बाळ पितं, मी घासतो. स्वतंत्र टोपलं, स्वतंत्र ब्रश, भांड्यांच्या सिंकमध्ये भाग टेकवायचे नाहीत, दर वेळी साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचे, पुसायचे नाहीत, जाळीवर निथळून वाळू द्यायचे. आणि बाळ दोन महिन्यांच्या आतलं असल्याने दिवसातून एकदा ५ मिनिटं उकळायचे.

या ५ मिनिटांबद्दल. एके रात्री भाग उकळत ठेवले आणि जरा पाठ टेकली. जाग आली ती वासाने. पातेल्यातलं पाणी केव्हाच संपलेलं, फनेल बुडाशी बसून एका बाजूने चपटं झालेलं, हँडलला चिकटलेलं. दाराजवळ बायको कडेवर बाळ घेऊन उभी. एक शब्द बोलली नाही. मी अजून ऐकतोय तो न बोललेला शब्द.
तेव्हापासून मोबाइलवर गजर लावल्याशिवाय गॅस पेटवत नाही.

सावळागोंधळ | सायंकाळी ६:५०
खटपट्या, आमचं ऐका. फ्रीझरमध्ये मी सपाट करून गोठवलेल्या दुधाच्या पिशव्या ठेवल्या होत्या. सासऱ्यांचा गुडघा सुजला. त्यांनी त्यातली एक घेतली, फडक्यात गुंडाळली आणि तासभर गुडघ्यावर शेक घेत बसले. मी बाहेर आले तर म्हणतात, "ही पिशवी झकास आहे, गुडघ्याला अगदी बरोबर बसते." ८० मिली! त्यांना सांगावं की नाही हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. गुडघा मात्र उतरला.

तिरपागडी | सायंकाळी ६:५३
मेले. हसून हसून गडबडा लोळले. या धाग्याची वाचनखूण साठवली.

वाचनमात्र२ | सायंकाळी ७:३०
साठवण्याचं नीट कुणी सांगाल का? जो तो वेगळं सांगतो.

निशिगंध | रात्री ९:०५
ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास. त्याहून उकाडा असेल तर तेवढी वाट बघू नका. फ्रीजमध्ये ४ दिवस, पण आत मागच्या बाजूला, दारात नाही, दारातलं तापमान दर उघडझापीला हलतं. फ्रीझरमध्ये ६ महिने उत्तम, १२ पर्यंत चालतं. गोठवलेलं फ्रीजमध्ये वितळवलं की पूर्ण पातळ झाल्यापासून २४ तासांत संपवा, पुन्हा गोठवू नका. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर २ तासांत द्या नाही तर टाका. टाकताना जीव तुटतो, मान्य. ६० ते १२० मिलीच्याच पिशव्या भरा, वर थोडी जागा सोडून, गोठताना दूध फुगतं. कोमट पाण्यात ठेवून गरम करा, मायक्रोवेव्ह नको, मध्येच चटका बसेल इतकं गरम राहतं. वर साय आली, दोन थर झाले तर नासलं नाही, हलक्या हाताने गोल फिरवा.

काहींचं गोठवलेलं दूध साबणासारखं वास मारतं. त्यातल्या लायपेज या विकराचं (एन्झाइमचं) काम ते, बाळाला अपाय नसतो, पण काही बाळं नाक मुरडतात. म्हणून फ्रीझर भरायच्या आधी एक छोटी पिशवी आठवडाभर गोठवून वास घेऊन बघा.

अबोली७ | रात्री १०:४८
सगळं वाचलं, हसलेही. पण एक लिहायचंय.

"दूध असतंच गं, फक्त तंत्र चुकतं" असा सूर या धाग्यात हळूहळू येतोय. माझं तंत्र चुकत नव्हतं. माप बरोबर होतं, पंप बरोबर होता, हाताचाही आणि इलेक्ट्रिकही. दिवसातून आठ वेळा काढायचे. एक वही होती, एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात मिली. दोन महिन्यांतला सगळ्यात मोठा आकडा ३५, दोन्ही बाजू मिळून, तेही लेक पीत नव्हती तेव्हा. तिचं वजन वाढत नव्हतं. शेवटी तपासणीत कळलं की माझ्या स्तनांत दूध तयार करणाऱ्या पेशीच पुरेशा वाढलेल्या नाहीत. दूध कमी थायरॉइडमुळेही होतं, बाळंतपणात खूप रक्त गेलं तर होतं, वारेचा तुकडा आत राहिला तर होतं. माझं यातलं काही नव्हतं. कुणी पहिल्या आठवड्यात नीट बघितलं असतं तर ती वही भरली नसती.

लेक वरच्या दुधावर वाढली. आता नऊ वर्षांची आहे आणि माझ्याशी सतत भांडते. रातकिडी, तुझं तसं दिसत नाही, बाळाचं वजन वाढतंय. हे तुझ्यासाठी नाही. वाचणाऱ्यांत अजून एखादी असेल, तिच्यासाठी.

निशिगंध | रात्री ११:१०
अबोली, बरोबर बोललात. माझ्या पहिल्या प्रतिसादात "वजन वाढतंय तर" एवढी अट होती, पण ती न वाढणाऱ्यांसाठी मी एक ओळही लिहिली नाही. जन्मवजन दोन आठवड्यांत परत आलं नाही तर पंपाशी झटत बसू नका, बाळाला आणि स्वतःला तपासून घ्या.

पिकलंपान | रात्री ११:३२
अबोली, भांडू दे हो. भांडणारी पोरं पुढे विचारपूस जास्त करतात असा माझा अनुभव.

रातकिडी | पहाटे ३:५०
अबोली, दोनदा वाचलं. इथे लिहिलंत, खूप आभार.

आणि आता माझं निपल: १५ मिमी. फनेल: २४. मी आठ दिवस स्वतःला चिमट्यात धरत होते तर. चकती मागवली आहे. पण निशिगंध, पाजल्यावर तासाभराने बसून, हळू दाबूनही ते फुस्स जात नाही. ओढच लागत नाही.

खटपट्या | सकाळी ७:१५
हे माझ्या खात्यातलं! फनेलवर तळहात घट्ट दाबून धरा आणि हँडल दाबा. तळहात ओढला जायला हवा, हँडल सोडताना कातडी सुटल्याचा टक आवाज यायला हवा. नसेल तर हवा कुठून तरी गळतेय. दोन जागा बघा. एक, हँडलखालचा सिलिकॉनचा गोल पडदा कडेने पूर्ण बसलाय का, त्याच्याखाली पाणी तर राहिलं नाही. दुसरी, बाटलीच्या तोंडाशी असलेली झडप, बदकाच्या चोचीसारखी. ती उजेडात धरा. चोचीची फट मिटलेली हवी. कुणी ब्रशने किंवा नखाने आतून घासली असेल तर फट सैलावते आणि ओढ गेली. घासायची नसते, नुसती साबणाच्या पाण्यात खळबळायची.

रातकिडी | सकाळी ७:४८
...
मी बाटलीच्या ब्रशने घासत होते. रोज. स्वच्छता म्हणून.
उजेडात धरली. एका कोपऱ्यावर चोच दुमडून उघडी राहिलीय, केसाएवढी फट दिसतेय. पलीकडची खिडकी दिसते त्यातून.

तिरपागडी | सकाळी ७:५५
म्हणजे फुस्स तू नव्हतीस, फुस्स ती होती.

निशिगंध | सकाळी ९:३०
खटपट्या, आमच्या विभागात या. जागा आहे.

रातकिडी, मनगटाचं विसरू नकोस. अंगठ्याच्या बुडाशी दुखत असेल तर नवीन आयांमध्ये ते फार असतं, बाळ उचलूनही होतं. हँडल अंगठ्याने दाबू नकोस, चार बोटं आणि तळवा वापर, हात बदलत राहा. दुखणं राहिलं तर दाखव.

सुखवस्तू | सकाळी ११:००
माझा प्रश्न जरा वेगळा. छाती दगड झाली तर पंपाने पूर्ण रिकामी करायची ना? गाठ जोरात चोळून काढायची असं सांगतात.

निशिगंध | दुपारी १२:१०
नाही, आणि आमच्याकडेही हे सांगणं बदललंय. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संघटनेने २०२२ मध्ये मार्गदर्शन नवं केलं: जोरात मालिश नको, "रिकामी होईपर्यंत" पंप नको. जितकं काढाल तितकं शरीर जास्त बनवतं आणि सूज वाढते. बाळ नेहमीसारखं पाजा, गार पट्ट्या ठेवा, हात लावायचाच तर अगदी हलका, कुरवाळल्यासारखा. काळसर भाग इतका कडक झाला की बाळाला पकडताच येत नाही, तर बोटांची टोकं निपलभोवती ठेवून मिनिटभर हळू आत दाबून धरा, तो भाग मऊ होतो. पंप लागलाच तर सैल वाटण्यापुरता. ताप आणि लाली दिवसभरात उतरली नाही तर डॉक्टर.

पिकलंपान | दुपारी १२:४०
अरेच्चा. आम्ही तर चोळून चोळून जीव घेतला एकमेकींचा.

ठोकताळा | ५ दिवसांनी, रात्री ९:२०
रातकिडी, काय झालं पुढे? धागा अर्ध्यावर टाकून गेलात.

रातकिडी | पहाटे ४:३५
टाकून नाही हो, दोन्ही हात गुंतलेले असतात.

नवी चोच आली, चकती आली. तळहाताची परीक्षा पास, टक आवाज येतो. पहाटे ती एका बाजूला पिते तेव्हा दुसरीकडे लावते. अर्धं हँडल, पटापट, मग सावकाश. परवा ४०, काल ५५, आज ५०. डावीकडून नेहमी उजवीपेक्षा कमी, पण ते असतंच म्हणे. लाल कडं गेलं. साबांना बाटली दाखवली, त्या म्हणाल्या "मी कधी म्हटलं कमी आहे म्हणून?"

आता मूळ प्रश्न, जो माझ्याच डोक्यातून निघून गेला होता: कामावर जायच्या आधी फ्रीझरमध्ये किती साठवायचं? इथे फ्रीझर भरभरून फोटो टाकणाऱ्या आया बघितल्या की छातीत धडकी भरते.

निशिगंध | सकाळी १०:०२
बाळापासून दूर असशील त्या दर तासाला साधारण ३० ते ४५ मिली धर. नऊ तास असशील तर २७० ते ४०० मिली. पहिल्या दिवसासाठी तेवढं आणि सांडलं-लवंडलं म्हणून एका दिवसाचं जास्तीचं. पुढे आज काढलेलं उद्या तिला. फोटोंच्या फ्रीझरमध्ये आईस्क्रीमला जागा नसते.

ठोकताळा | सकाळी १०:३०
आणि रुजू झाल्यावर दोन महिने तरी इलेक्ट्रिक वापरून बघा. मी हेका सोडलेला नाही.

रातकिडी | सकाळी १०:४१
बघते, शब्द देते. हाताचा पिशवीत असेलच.

खटपट्या | रात्री ११:१५
विषयांतर, पण तातडीचं. आत्ता खळबळताना आमची चोच हातातून सटकून सिंकच्या जाळीतून खाली गेली. बायको आत झोपलीय. पाइप उघडू, की ती उठायच्या आत दुसरी मिळेल?

रातकिडी | रात्री ११:१९
पाइपातली आता नकोच, उकळली तरी. मी जोडी मागवली होती, एक शिल्लक आहे, पण ती तुम्हाला पोहोचणार कशी? उद्यापर्यंत हाताने पिळायला सांगा. पिकलंपान आज्जींचा प्रतिसाद तिला वाचायला द्या, आणि समोर बसाल तेव्हा चष्मा काढून ठेवा.